व्हॉल्यूम बारावर नेला की आवाजाचे बारा: ट्वीड डिलक्समधला बेसचा चिखल

ट्वीड डिलक्स या गिटार अ‍ॅम्पबद्दलची तक्रार दर वेळी जवळजवळ त्याच शब्दांत येते. "चारपर्यंत अ‍ॅम्प स्वर्ग आहे. सातच्या पुढे गेलो की खालच्या दोन तारांचा नुसता चिखल." कोणी म्हणतं फडफडतो, कोणी म्हणतं आवाजाला जुलाब लागलेत. नीट ऐकलं तर त्यात दोन गोष्टी असतात. खालच्या ई तारेवर जोरात पॉवर कॉर्ड मारली की आवाज आधी दबतो आणि मग क्षणभराने फुगून वर येतो, ही एक. दुसरी म्हणजे तीन-चार स्वर एकत्र वाजवले की ते वेगळे ओळखूच येत नाहीत, सगळा एकच लगदा होतो. मग माणूस ट्यूब (सिग्नल मोठा करणारे काचेचे व्हॉल्व्ह) बदलतो, स्पीकर बदलतो, पेडल विकतो, दुसरं घेतो, आणि वर्षभराने पुन्हा तीच तक्रार घेऊन उभा राहतो.

माझं हे वर्ष घालवून झालेलं आहे. माझा अ‍ॅम्प किट आणून घरी जोडलेला ५ई३ आहे, म्हणजे फेंडरने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९५५ ते १९६० या काळात बनवलेल्या ट्वीड डिलक्सची नक्कल. या अ‍ॅम्पचे नॉब दहावर थांबत नाहीत, बारापर्यंत जातात. त्यामुळे वरचा विनोद माझा नाही, तो पॅनलवरच छापलेला आहे.

आधी हा प्राणी काय आहे ते थोडक्यात. आउटपुटला दोन ६व्ही६ ट्यूब, कॅथोड बायस (ट्यूबचा निवांत करंट कॅथोडवरच्या रेझिस्टरने ठरतो), रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) ५वाय३ ट्यूब, पहिल्या जागी १२एवाय७, दुसऱ्या जागी १२एएक्स७ (तिचा अर्धा भाग गेनसाठी, अर्धा फेज इन्व्हर्टर, म्हणजे दोन आउटपुट ट्यूबना एकमेकांच्या उलट सिग्नल देणारा भाग), आणि ताकद साधारण १२ ते १५ वॉट. निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे आणणं, नाही. बेसचा नॉब नाही, मिडचा नाही. एक टोन आणि दोन व्हॉल्यूम, संपलं. फीडबॅक नसल्यामुळे स्पीकरवर लगाम कमी, आणि रेक्टिफायर ट्यूब असल्यामुळे जोरात वाजवलं की अ‍ॅम्पचं व्होल्टेज खाली दबतं. दबलेल्या व्होल्टेजची ती रबरासारखी ओढ हाच या अ‍ॅम्पचा जीव आहे. मार्शल अ‍ॅम्पसारखा घट्ट, छातीवर बुक्की मारणारा बेस यातून कधीच येणार नाही. तो हवा असेल तर अ‍ॅम्प चुकलाय, पुढचं वाचू नका.

आणखी एक गोष्ट सामान्य आहे, ती बिघाड समजू नका. सहाच्या पुढे आवाज फारसा मोठा होत नाही, फक्त जास्त फुटतो. शिवाय टोनच्या नॉबबरोबर काम करणारा छोटा ५०० पिकोफॅरडचा कपॅसिटर ट्रेबलला व्हॉल्यूमच्या पॉटला (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरला) वळसा घालून पुढे नेतो. व्हॉल्यूम पूर्ण उघडला की वळसा घालायला काही उरतच नाही, म्हणून अ‍ॅम्प वरच्या टोकाला आपोआप गडद वाटतो. बेस वाढलेला नसतो, ट्रेबलची साथ सुटलेली असते.

आता मूळ मुद्दा. बेस फुटण्याआधी काढायचा असतो आणि ट्रेबल फुटल्यानंतर. आपण सगळे नेमकं उलटं करतो. गिटारवर सगळं दहावर, अ‍ॅम्पवर सगळं बारावर, आणि मग रेकॉर्डिंगमध्ये किंवा मिक्सरवर बेस कापत बसतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. एकदा बेसने आउटपुट ट्यूबचा गळा धरला की बाकीचे स्वर त्याच्या तालावर चिरडले जातात. नंतर बेस कापला तरी चिरडलेले स्वर परत येत नाहीत.

गळा धरणं म्हणजे नेमकं काय

दोन ट्यूबच्या टप्प्यांमध्ये एक कपलिंग कपॅसिटर असतो. तो डीसी अडवतो आणि सिग्नल पुढे जाऊ देतो. सिग्नल ठरावीक मर्यादेत आहे तोवर पुढच्या ट्यूबची ग्रिड (सिग्नल घेणारी जाळी) करंट ओढत नाही. मर्यादा ओलांडली की ग्रिड करंट ओढू लागते आणि त्या करंटने कपॅसिटर जास्तीचा चार्ज होतो. परिणाम असा की ट्यूबचा बायस अचानक थंड होतो आणि ती काही काळ जवळजवळ बंद पडते. हा चार्ज ग्रिडच्या रेझिस्टरमधून हळूहळू निचरतो, तेव्हा आवाज परत येतो. "आधी दबतो, मग फुगतो" म्हणतात ते हेच.

निचरायला किती वेळ लागतो हे गुणाकाराने कळतं. ५ई३ मध्ये आउटपुट ट्यूबच्या आधी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि २२० किलोओहमचा रेझिस्टर आहे. गुणाकार २२ मिलिसेकंद. ०.०२२ लावला तर पाचच्या आत. ऐकायला दोन्ही आकडे किरकोळ वाटतात, पण तळहाताने तारा दाबून (पाम म्यूट) वेगात मारताना २२ मिलिसेकंदांत पुढचा घाव आलेला असतो आणि ट्यूब अजून शुद्धीवर यायची असते.

सर्वात जास्त ढकलणारे सिग्नल खालच्या तारांचे. ई तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झच्या आसपास, आणि तार जाड, झोका मोठा, त्यामुळे पिकअपमधून येणारं व्होल्टेजही मोठं. मानेजवळचा हम्बकर (दोन कॉइलचा, जोरदार पिकअप) असेल तर विचारूच नका.

झाकण न उघडता, पंधरा मिनिटांत

पहिलं काम फुकटचं आहे. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणा. बहुतेक जण हे करत नाहीत, कारण त्यांना वाटतं की अ‍ॅम्प पूर्ण उघडायचा म्हणजे गिटारही पूर्ण उघडायची. या जातीच्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्यूमचा खरा नॉब गिटारवर असतो. अ‍ॅम्प नऊवर ठेवा आणि दिवसभर फक्त गिटारच्या नॉबने वाजवा. पाचवर जवळजवळ स्वच्छ, सातवर कुरकुरीत, दहावर सोलो. गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की ट्रेबल मरतो अशी ओरड असेल तर गिटारचं टोनचं वायरिंग पन्नासच्या दशकातल्या पद्धतीने करून घ्या, म्हणजे टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला जोडायचा. एक तार हलवायची आहे, खर्च शून्य.

दुसरं, पिकअपची उंची. मानेजवळचा पिकअप बेसच्या बाजूने दोन-अडीच मिलिमीटर खाली घ्या. स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन मिनिटांचं काम, आणि माझ्या मते ट्यूब बदलण्यापेक्षा जास्त गुणकारी.

तिसरं, गिटार दुसऱ्या जॅकमध्ये लावून पाहा. प्रत्येक चॅनलला दोन इनपुट असतात. दुसऱ्यात सिग्नल निम्मा होतो. हम्बकरवाल्यांनी तरी हे आधी करावं.

चौथं थोडं गमतीचं. ज्या चॅनलमध्ये काहीच लावलेलं नाही त्याचा व्हॉल्यूम फिरवा. आवाज बदलतो! या सर्किटमध्ये दोन्ही व्हॉल्यूम एकमेकांच्या पाठीला पाठ लावून जोडलेले आहेत, त्यामुळे रिकामा चॅनल वापरातल्या चॅनलवर ओझं टाकतो. तो अगदी शेवटाकडे नेला की ड्राइव्ह थोडा उतरतो. मधल्या जागा प्रत्येक अ‍ॅम्पमध्ये वेगळ्या, त्या कानानेच शोधायच्या. रॉक गायक-गिटारवादक नील यंगचा १९५९ चा ट्वीड डिलक्स प्रसिद्ध आहे. त्याच्यासाठी तर पायाने दाबायच्या बटणावर अ‍ॅम्पचे नॉब मोटरने फिरवणारं यंत्रच बनवलेलं आहे. नॉबच्या चार जागांसाठी एवढा खटाटोप का, ते हा रिकामा नॉब एकदा फिरवला की कळतं.

पाचवं म्हणजे पेडल, पण योग्य कामासाठी. इथे पेडलकडून फुटणं नको आहे, बेस छाटणं हवं आहे. ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल घ्या, ड्राइव्ह अगदी कमी, लेव्हल वर. त्याचा फुटणारा भाग ७२० हर्ट्झच्या खालचं सगळं क्रमाने कमी उचलतो, म्हणून ते पेडल पूर्ण उघडलेल्या अ‍ॅम्पपुढे इतकं शोभतं. साठच्या दशकातल्या ट्रेबल बूस्टरचं कामही तेच. गिटारवादक ब्रायन मे आणि रोरी गॅलाहर दोघंही व्हॉक्स एसी३० पुढे ट्रेबल बूस्टर लावत, आणि त्यांचा आवाज कोणाला पातळ वाटला नाही. नाव ट्रेबल बूस्टर असलं तरी खरं काम बेस दारातच अडवण्याचं आहे. साधा ग्राफिक ईक्यू असेल तर १०० आणि २०० हर्ट्झच्या पट्ट्या चार-सहा डेसिबल खाली ओढा, तेवढ्यावरही काम भागतं. एकट्याने ऐकलं तर आवाज रोडावल्यासारखा वाटेल. अ‍ॅम्प फुटायला लागला की तो आपोआप भरतो.

दहापैकी सात लोकांची तक्रार इथेच मिटते. हा आकडा मोजलेला नाही, अंदाज आहे, पण प्रामाणिक अंदाज आहे.

भिंतीतून काय येतंय

आता तो भाग जो अमेरिकन लेखांत सापडत नाही, आणि ज्याने माझे आठ महिने खाल्ले.

माझा अ‍ॅम्प रात्री वेगळा वाजायचा. संध्याकाळी सातला मऊ, दबका, चिखलाकडे झुकणारा. रात्री अकरानंतर कडक, टोकदार, काचेसारखा. मी कान थकले असतील म्हटलं. मग ट्यूब. चांगल्या म्हणून आणलेल्या ६व्ही६ ची जोडी पाच महिन्यांत बसली. एका रात्री दिवे गेले, परत आले, आणि अंधारात लक्ष गेलं तर एका ट्यूबची प्लेट (आतला धातूचा पत्रा) मंद लाल दिसत होती. त्या दिवशी पहिल्यांदा सॉकेटला मल्टिमीटर लावला. २४६ व्होल्ट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथेच २०८.

दोष माझाच होता. पॉवर ट्रान्सफॉर्मर वाइंड करून घेताना प्रायमरी २२० व्होल्टची लिहून दिली होती, कारण लहानपणापासून "दोनशे वीस" असंच ऐकलेलं. आपल्याकडे घोषित व्होल्टेज २३० आहे आणि प्रत्यक्षात ते दोन्हीकडे भटकतं. २२० च्या प्रायमरीवर २४६ म्हणजे सगळं जवळजवळ १२ टक्के वर. हीटरला ६.३ ऐवजी ७ व्होल्ट, प्लेटला ३६० च्या जागी ४०५. उलट २०८ वर सगळं खाली, त्यात ५वाय३ ची स्वतःची दबण्याची सवय, म्हणजे आधीच नरम आणि त्यात पावसात भिजलेला पापड.

बायस मोजायची रीत कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये सोपी आहे. दोन्ही ६व्ही६ चा कॅथोड एकाच २५० ओहमच्या रेझिस्टरवर बसतो. त्यावरचं व्होल्टेज मोजा. माझ्याकडे त्या रात्री २४.५ व्होल्ट. भागिले २५०, म्हणजे ९८ मिलिअँपिअर, दोघीत वाटले की ४९. त्यातून स्क्रीनचे (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचे) तीनेक वजा केले तर ४६. प्लेट आणि कॅथोडमधलं व्होल्टेज ३८० धरलं तर एका ट्यूबवर साडेसतरा वॉट. ६व्ही६जीटी ची जुनी मर्यादा १२ वॉट, नंतरच्या मोजणीने १४. लाल होणारच.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. त्या रेझिस्टरवर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो आणि मूळ डिझाइनमध्ये तो २५ व्होल्टचाच आहे. आपल्याकडच्या व्होल्टेजवर, त्यातून अ‍ॅम्प पूर्ण उघडल्यावर, तो सरळ मर्यादेवर जातो आणि सुकतो. सुकला की अ‍ॅम्प अशक्त होतो, आवाजातली ताकद जाते. जागी ५० किंवा ६३ व्होल्टचा लावा. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो चहाच्या पैशांत मिळतो.

व्होल्टेजवर उपाय दोन. एक डिमरस्टॅट, तोच, कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधला काळा गोल डबा. त्यावर सुई आणि मल्टिमीटर दोन्ही पाहून अ‍ॅम्पला हवं तेवढंच व्होल्टेज द्यायचं. गिटारवादक एडी व्हॅन हेलनने मार्शलला व्हेरियाक, म्हणजे डिमरस्टॅटच, लावून व्होल्टेज उतरवलं आणि त्या आवाजाची जगभर चर्चा झाली. आपल्याकडे उन्हाळ्याच्या संध्याकाळी ही सोय फुकट असते. गंमत सोडा, पण डिमरस्टॅटवर नॉब हाताशी असतो, आणि चुकून पूर्ण फिरवला तर तो लाइनपेक्षाही जास्त व्होल्टेज देऊ शकतो. त्यामुळे नॉबला एक पट्टी लावून ठेवा.

दुसरा उपाय मी कायमचा केला. २३० व्होल्टवरून २४ व्होल्ट देणारा एक अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा आणि त्याची सेकंडरी लाइनमध्ये उलट्या फेजने सिरीजमध्ये जोडायची. २४५ चे २१९ होतात. फेज चुकून सुलट लागली तर मात्र २७० होतात, म्हणून अ‍ॅम्प जोडण्याआधी ६० वॉटचा पिवळा बल्ब लावून मल्टिमीटरने खात्री करायची. बंद डबा, फ्यूज, अर्थिंग, यात काटकसर नाही. वायरिंगचा हात नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. त्यानंतर माझ्याकडे हीटर ६.३, प्लेट ३६१, कॅथोड २१ व्होल्ट, म्हणजे एका ट्यूबवर तेरा वॉटच्या थोडं वर. ही जोडी अजून चालू आहे.

अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प ११० च्या स्टेप-डाउनवर चालवत असाल तरी हेच. २२० चे ११० करणारा डबा २४५ वर १२२ देतो. दर वेळी मोजा, डब्यावर छापलेला आकडा वाचू नका.

झाकण उघडायचं असेल तर

आधी हे. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट बसून राहू शकतात, आणि ते जीव घेऊ शकतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना रबर चढवलेल्या क्लिप, एक चॅसिसला आणि दुसरी फिल्टर कपॅसिटरच्या प्लसला. मग मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री. दर वेळी, दहा मिनिटांपूर्वीच केलं असेल तरी. अ‍ॅम्प खरोखर पन्नासच्या दशकातला असेल आणि त्याला दोन पिनांची वायर असेल तर आधी तीन पिनांची वायर आणि चॅसिसला अर्थ करून घ्या, आणि ग्राउंड स्विचवरून चॅसिसला गेलेला कपॅसिटर काढून टाका. तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांत लाइन उतरते. सुकलेले इलेक्ट्रोलिटिक बदला. त्यापलीकडे जुन्या खऱ्या अ‍ॅम्पला सोल्डरिंग आयर्न लावू नका, त्याचा चिखल बाहेरूनच आवरा. पुढचं सगळं किट आणि नकलांसाठी.

पहिल्या जागी कोणती ट्यूब आहे ते पाहा. डिझाइन १२एवाय७ चं आहे, तिचा गेन फॅक्टर ४४ च्या आसपास. किटमध्ये किंवा वापरलेल्या अ‍ॅम्पमध्ये पुष्कळदा १२एएक्स७ खोचलेली असते, जिचा १००. दोघींचा सॉकेट एकच, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. अ‍ॅम्प दोनवरच फुटायला लागत असेल तर पहिला संशय हा. मधला रस्ता ५७५१, फॅक्टर ७०. मला स्वतःला १२एवाय७ पुढे दुसरं काही आवडलेलं नाही.

मग कपॅसिटर. "सगळे ०.१ काढून ०.०२२ लावा" असा सल्ला सर्रास मिळतो. एकदा हिशेब करून पाहा. पहिल्या टप्प्यानंतर ०.०२२ आणि एक मेगओहमचा व्हॉल्यूम पॉट, तर बेस कापायला सुरुवात ७ हर्ट्झला. गिटार ८२ वर सुरू होते. म्हणजे तुम्ही आयर्न तापवलं, बोट भाजून घेतलं, आणि भूकंपाचा आवाज कमी केला. तिथे खरंच काही ऐकू यायला हवं असेल तर ०.००४७ लावा (३४ हर्ट्झ), किंवा ०.००२२ (७२ हर्ट्झ), आणि दुसऱ्याने खूपच फरक पडतो. ०.०२२ ची खरी जागा आउटपुट ट्यूबच्या आधी, दोन्ही बाजूंना. २२० किलोओहमबरोबर ३३ हर्ट्झ, आणि वर सांगितलेला निचरा चौपट-पाचपट लवकर. दोघांपैकी एकच करायचं असेल तर हे करा.

पुढची पायरी पहिल्या ट्यूबच्या कॅथोडचा २५ मायक्रोफॅरड. तिथे १ किंवा २.२ लावला तर अडीच-तीनशे हर्ट्झखालचा भाग हलकासा उतरतो. एकदम कापल्यासारखा नाही, उताराच्या रस्त्यासारखा. दुसऱ्या ट्यूबलाही तेच करता येतं, पण दोन्हीकडे केलं तर व्हॉल्यूम कमी असताना अ‍ॅम्प केविलवाणा वाजतो. मी एकाच जागी केलंय. मार्शलनेही पुढे आपल्या ब्राइट चॅनलला ०.६८ चा छोटा कपॅसिटर लावून हेच साधलं.

एका वेळी एकच बदल. आठवडाभर वाजवा, वहीत लिहा, मग पुढचा. चार बदल एका दुपारी केले की कोणत्याने बरं झालं आणि कोणत्याने बिघडलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

बेस नाही पण वरच्या स्वरांमागे एक खरखरीत सावली येते, जणू कोणी एक सप्तक वर बेसूर गातंय, अशी तक्रार असेल तर ते दुखणं फेज इन्व्हर्टरचं. त्याची ग्रिड जास्त ढकलली गेली की तो असा वागतो. त्याच्या ग्रिडला, ट्यूबच्या सॉकेटला चिकटून, ४७० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. या अ‍ॅम्पला लावलेली सर्वात स्वस्त आणि सर्वात समाधानकारक वस्तू.

आणि सावली स्वराच्या खाली असेल तर? बाराव्या फ्रेटच्या वर तार ओढली की खाली एक घोगरा, सुराशी काहीही संबंध नसलेला आवाज फिरतो. तो फिल्टर कपॅसिटरचा दोष. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे रेक्टिफायरनंतरची लहर १०० हर्ट्झची. अ‍ॅम्प पूर्ण दबलेला असताना ही लहर स्वरात मिसळते. ८८० चा स्वर वाजवला की सोबत ७८० आणि ९८० ऐकू येतात, जे कुठल्याच रागात बसत नाहीत. मूळ डिझाइनमधले १६ मायक्रोफॅरड ६० हर्ट्झच्या देशासाठी काढलेले आहेत, आपल्याकडे ते थोडे अपुरे पडतात. पहिल्या जागी २२ लावा. मोहाने ४७ किंवा १०० लावू नका, ५वाय३ वर सुरू होताना ताण येतो आणि अ‍ॅम्पची ती रबरी ओढही जाते.

खडखड, किणकिण

या भागात फार वेळ घालवत नाही. मोठ्या आवाजात एकाच स्वरावर खडखडतं का? मग ते सर्किट नाही, लाकूड आहे. मागची फळी, स्पीकरचे नट, ट्यूबचे स्प्रिंग, पत्र्याचा बिल्ला. एकाने तो स्वर धरून ठेवायचा, दुसऱ्याने हाताने एकेक भाग दाबत जायचं. ट्यूबवर पेन्सिलीने टिचकी मारा. घंटेसारखी वाजली तर ती मायक्रोफोनिक आहे, कॉम्बोच्या, म्हणजे स्पीकरसकट एकाच, पेटीत टिकणार नाही. ती फेकू नका, स्पीकरपासून वेगळ्या हेडमध्ये चालते.

स्पीकर बदलण्याचा विचार शेवटी करा, पण एकदा करा जरूर. मूळचा जेन्सन कमी ताकदीचा होता आणि पूर्ण उघडल्यावर तो स्वतःही फुटायचा. आज सेलेस्चनचा १२ इंची ग्रीनबॅक लावला तर तो ७५ हर्ट्झला झंकारतो, त्याच्या थोरल्या भावाचा, जी१२एच चा, ५५ हर्ट्झचा नमुनाही मिळतो. बेसच्या चिखलाची तक्रार असेल तर ५५ वाला घेऊन यायचं म्हणजे आगीत रॉकेल. त्यातही संवेदनशीलता पाहा. तीन डेसिबल जास्त म्हणजे वॉट दुप्पट केल्यासारखं आहे, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ते उलट्या बाजूने महत्त्वाचं.

कारण हा "छोटा" अ‍ॅम्प छोटा नाही. ९७ डेसिबलच्या स्पीकरवर १२ वॉट म्हणजे एक मीटरवर १०८ डेसिबल. निवासी भागात कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५. शेजारी दार वाजवायच्या आधी स्वतःच्या कानांचा विचार करा, १०८ ला सुरक्षित वेळ दोन-अडीच मिनिटांपलीकडे नाही. कानात प्लग घाला. त्यामागे ऐकताना बेस जास्त आणि ट्रेबल कमी वाटतो, म्हणून प्लग घालून नॉब ठरवू नका. आधी मिनिटभर प्लगशिवाय, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून.

अटेन्युएटर, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून ताकद खाणारा डबा, हा उपाय आहे, अर्ध्यापर्यंत. सहा ते नऊ डेसिबल कमी केले तर आवाज ओळखीचा राहतो. वीस कमी केले की स्पीकर हलायचाच थांबतो, कानाची बेस ऐकण्याची शक्तीही कमी होते, आणि माणूस पुन्हा टोनचा नॉब शोधायला लागतो. घेताना ८ ओहमचाच घ्या, अ‍ॅम्पच्या वॉटच्या किमान दुप्पट क्षमतेचा, आणि अ‍ॅम्प ते अटेन्युएटर जाड स्पीकर केबल वापरा. गिटारची केबल तिथे लावून, ती मधेच तुटून, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळून घेतलेला एक मित्र आहे. त्याचा अ‍ॅम्प आता माझ्या टेबलावर आहे, नवा ट्रान्सफॉर्मर वाइंड होऊन यायचा आहे. प्रायमरी-सेकंडरीचे आकडे या वेळी मी दोनदा तपासून लिहून दिलेत.